लिंबाने मासळी पांढरी होते, शिजत नाही



हल्ली घरातली मुले मोबाइलवर देशोदेशीचे पदार्थ पाहतात आणि थेट स्वयंपाकघरात येऊन सांगतात, "आई, तिकडे मासे चुलीवर ठेवतच नाहीत. नुसता लिंबाचा रस ओततात आणि दहा मिनिटांत मासे तयार!" सरपण वाचले, गॅस वाचला, तेल वाचले. ऐकणाऱ्या आईलाही क्षणभर मोह पडावा असेच हे बोलणे. परसात लिंबाचे झाड लगडलेले, बाजाराच्या दिवशी मासळी घरात आलेली, मग अडले कुठे?

अडते ते कुठे, हे आज जरा सविस्तर सांगते. नुसता मोडता घालून थांबणार नाही. मुलांची हौस पुरेल आणि कुणाच्या पोटाला त्रास होणार नाही अशी रीतही देते. पण आधी पदार्थाची ओळख करून घेऊ.

या पदार्थाचे नाव सेविचे. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा. (फळ नव्हे बरे, देश!) पॅसिफिक महासागराच्या काठाने पसरलेला हा मुलूख. तिथले लोक ताज्या समुद्री मासळीचे काटे काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात, मीठ लावतात, वर लिंबाचा रस, तिखट मिरची आणि पातळ उभा चिरलेला कांदा घालतात. ताटात बाजूला उकडलेले रताळे आणि मक्याचे दाणे असतात. आंबट-तिखटाला रताळ्याची गोडी, ही जोडी मोठी समजूतदार आहे. उरलेल्या पांढुरक्या रसाला ते 'वाघाचे दूध' म्हणतात आणि पेल्यात ओतून पितात. पेरूमध्ये २८ जून हा सेविचेचा दिवस म्हणून पाळतात, आणि २०२३ साली युनेस्कोने या पदार्थाच्या परंपरेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेव्हा हे कुणा हॉटेलवाल्याचे नवे खूळ नाही. ते एका देशाचे रोजचे, मानाचे अन्न आहे.

यात आपल्याला जवळचे वाटेल असे एक आहे. पेरूचे लोक जे लिंबू पिळतात ते आपले कागदी लिंबूच. जात एकच. लिंबाचे मूळ आशियातले, आपल्या ईशान्येकडून आग्नेय आशियापर्यंतच्या टापूतले. तिथून अरबांच्या हातून ते पश्चिमेला गेले. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत लिंबूवर्गी फळांच्या बिया जहाजातून अमेरिकेकडे नेल्या, आणि पुढे स्पॅनिश लोकांबरोबर लिंबू पेरूत पोहोचले. आज त्या देशाच्या उत्तरेला पिउरा भागात लिंबाच्या मोठ्या बागा आहेत. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'साई सरबती'ची रोपे ज्यांनी लावली आहेत, त्यांना त्या बागा परक्या वाटणार नाहीत.

पूर्वी तिकडेही मासळी लिंबात तासन् तास मुरवत. १८९९ पासून जपानी कुटुंबे पेरूत जाऊन वसली. कच्ची मासळी खाण्याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यांच्या वंशातल्या स्वयंपाक्यांनी हा वेळ मिनिटांवर आणला. म्हणजे आज मोबाइलवर जे दिसते, त्यात मासळी आतून जवळजवळ कच्चीच असते. मुलांना हे दिसत नाही, कारण मासळीचा रंग बदललेला असतो.

आता लिंबू नेमके काय करते ते पाहू. तापलेल्या दुधात लिंबू पिळले की दूध नासते, चोथा वेगळा होतो. आंबटाने दुधातली प्रथिने आकसून एकमेकांना चिकटतात. मासळीतही प्रथिनेच असतात. तिच्यावर लिंबू पडले की त्यांची घडी मोडते, आरपार दिसणारे मांस दुधासारखे पांढरे होते, घट्ट होते. चुलीवर विस्तवाने जो बदल होतो, तसाच हा दिसतो. विश्वास बसत नसेल तर सुरमईचा नखाएवढा तुकडा वाटीत घेऊन वर लिंबू पिळा आणि दहा मिनिटांनी तो सुरीने मधोमध कापा. बाहेर पांढरी कड दिसेल आणि आत कच्चे मांस. (हा तुकडा खायचा नाही, मांजरालाही घालू नका.)

विस्तव दोन कामे करतो. मासळी शिजवतो आणि तिच्यातले जंतू, किडे मारतो. लिंबू पहिल्या कामाचे नुसते सोंग आणते आणि दुसरे अर्धवट सोडते. आंबटाने काही जंतू मरतात, पण वरवरचे. सगळे मरतील याची हमी नाही. मासळीच्या मांसात दडलेल्या बारीक अळ्यांना तर लिंबू फारसे काही करत नाही. पेरूमध्ये समुद्राच्या कच्च्या मासळीतून माणसाच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी होतो, हे तिथल्या डॉक्टरांना जुने ठाऊक आहे. मेक्सिकोच्या सिनालोआ भागात गोड्या पाण्याच्या मासळीचे सेविचे खाऊन लोकांच्या कातडीखाली अळी फिरण्याचा आजार झालेला आहे.

ही गोड्या पाण्याची गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवायची. आता पुष्कळांच्या शेतात शेततळी झाली, त्यात कटला, रोहू सोडतात. मासळी डोळ्यांदेखत जाळ्यातून निघते, फडफडत असते, तेव्हा वाटते की याहून ताजे काय असणार! ताजी ती खरीच. पण त्या तळ्यात शिवारातले पाणी उतरते, गुरे पाण्यावर येतात. मासळी कितीही ताजी असली तरी अळी आणि जंतू तिच्याबरोबर ताजेच येतात. नदी, तलाव, शेततळे, धरण यांतली कोणतीही मासळी नुसत्या लिंबावर खाऊ नये, खाऊ घालू नये.

कुणी म्हणेल, मासळी बर्फात ठेवली की किडे मरतात. मरतात, पण कशा थंडीत? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा की मासळी शून्याखाली २० अंशांवर सलग ७ दिवस गोठलेली हवी. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एवढी थंडी सहसा नसते, आणि आपल्याकडे दिवसातून दोनदा वीज गेली की जी असते तीही जाते. शिवाय थंडीने अळ्या मरतात, जंतू मरत नाहीत. ते नुसते झोपी जातात आणि ऊब मिळाली की उठतात.

बांगडा, कुपा अशा मासळीचा आणखी एक धोका. ती बर्फाशिवाय उन्हात राहिली तर तिच्यात असे द्रव्य तयार होते की खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते. हे द्रव्य लिंबाने जात नाही आणि शिजवूनही जात नाही. अशी मासळी विकतच घेऊ नये.

पेरूच्या लोकांनाही या प्रश्नाने एकदा हादरा दिला होता. १९९१ च्या जानेवारीअखेर तिथल्या किनाऱ्यावर पटकीची साथ उसळली. दक्षिण अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षांनी पटकी आली होती. त्या एका वर्षात एकट्या पेरूत तीन लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २,९०० दगावले. आरोग्य खात्याने कच्ची मासळी खाऊ नका म्हणून बजावले. लोकांनी सेविचे सोडले आणि कोळ्यांच्या मालाला गिऱ्हाईक उरेना. तेव्हा राष्ट्राध्यक्ष फुजीमोरी यांनी लोकांसमोर सेविचे खाऊन दाखवले. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. एकीकडे रोगाची भीती, दुसरीकडे होडीवर पोट असलेली हजारो घरे. आपल्याकडे कोंबड्यांवर रोग आला की गावोगावच्या पोल्ट्रीवाल्यांचे जे होते, तेच.

पुढे तपास झाला तेव्हा मोठा दोष पाण्याकडे निघाला. न उकळलेले, क्लोरीन न घातलेले पाणी आणि रस्त्यावरचे उघडे खाणेपिणे यांतून साथ पसरली होती. पटकीचा जंतू आंबटापुढे तसा दुबळा असतो, हेही खरे. तेव्हा सेविचेच्या माथी सगळा आळ टाकणे बरोबर नव्हते. मात्र त्यामुळे कच्ची मासळी निर्धोक ठरली असेही नाही. यातून आपण घ्यायचे ते एवढेच की लिंबात मुरवलेल्या पदार्थात मासळीइतकाच कांदा, कोथिंबीर, बर्फ आणि धुण्याचे पाणी यांचाही विचार हवा. कारण या वस्तू चूल पाहतच नाहीत.

आपल्या घरी तो कच्चा सेविचे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेरूच्या किनाऱ्यावर पहाटे होडी लागते आणि दुपारच्या जेवणात ती मासळी संपते. तिथली जुनी सेविचेची खाणावळ संध्याकाळी बंद असते, ती याचसाठी. आपल्या गावात मासळी येते ती रात्रभर टेम्पोतून, वितळत्या बर्फातून, दोन-तीन हातांतून. ज्या घरात गरोदर सून, तान्हे मूल, म्हातारी माणसे किंवा साखरेचा आजार असलेले कुणी आहे, तिथे तर हा विषयच नको.

पण पेरूच्या शेजारी इक्वेडोर नावाचा देश आहे, आणि त्याने आपला प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिथे कोळंबीचे सेविचे करतात ते आधी कोळंबी उकळून. मग लिंबू. चव तीच आंबट-तिखट, रंग तोच, आणि विस्तवाचे काम विस्तवाने केलेले. गंमत पाहा, आज आपल्या बाजारात जी पांढुरकी, तळ्यात वाढवलेली कोळंबी येते आणि विक्रेते जिला व्हन्नामेई म्हणतात, ती मूळची त्याच किनाऱ्याची, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या समुद्रातली. आपल्याकडे तिच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली. लिंबू आपल्या बाजूने तिकडे गेले आणि कोळंबी तिकडून आपल्याकडे आली. एका ताटात ती आता भेटतात.

चार-पाच माणसांसाठी सांगते. मध्यम आकाराची अर्धा किलो कोळंबी, दहा-बारा कागदी लिंबे, एक संत्रे (नसेल तर मोसंबे), तीन कांदे, दोन घट्ट टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे गोडे तेल आणि मीठ. कोळंबी घेताना डोके धडाला घट्ट आहे का ते पाहा. डोके लोंबत असेल, काळे पडले असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल तर भाव कितीही कमी असो, पुढे चला.

डोकी आणि साले काढा, पण टाकू नका. पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढून काढा आणि कोळंबी धुऊन ठेवा. साले व डोकी तीन पेले पाण्यात थोडे मीठ आणि कांद्याची एक फोड घालून दहा मिनिटे उकळा आणि पाणी गाळून घ्या. हे पाणी पुन्हा खळखळा उकळू लागले की त्यात कोळंबी सोडा. पुन्हा उकळी आल्यावर दोन ते तीन मिनिटे पुरे. सगळी गंमत या तीन मिनिटांत आहे. कोळंबी आरपार दिसायची थांबली, गुलाबी झाली आणि चंद्रकोरीसारखी वाकली की झाली. अगदी वेटोळे झाले म्हणजे जास्त शिजली, ती चिवट लागेल. एक कोळंबी काढून जाड भागात तोडून पाहा. आत कुठेही काचेसारखी दिसता कामा नये. मग झाऱ्याने उपसून ताटात पसरा म्हणजे लवकर निवेल. उकळलेले अर्धा पेला पाणी राखून ठेवा, तेही निवू द्या.

ज्या विळीवर, ज्या पाटीत कच्ची कोळंबी साफ केली, तिथे आता कांदा चिरू नका. विळी राखेने किंवा साबणाने घासून, वर उकळते पाणी ओतून घ्या. हात धुवा. कोथिंबीर, मिरची, टोमॅटो उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. हे सगळे कंटाळवाणे वाटते खरे, पण या पदार्थात पुढे चूल नाही, एवढे मनात ठेवले की हात आपोआप वळतो.

कांदा अगदी पातळ उभा चिरून मीठ लावून चुरडा, पाच मिनिटांनी उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन पिळा. उग्रपणा जातो. त्यावर दोन लिंबे पिळून ठेवलीत की थोड्या वेळात लाल कांदा सुरेख गुलाबी होतो. मुले यालाच भुलतात.

लिंबे पिळताना एक खूण सांगते, ती पेरूच्या बायकांची. शेवटच्या थेंबासाठी साल मुरगळायचे नाही, नाहीतर पांढऱ्या गराचा कडवटपणा रसात उतरतो. रस ऐनवेळी काढायचा. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे घ्या. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम नको, आंबट कळकते हे तुम्हांला मी सांगायला नकोच.

आता काचेच्या भांड्यात कोळंबी, लिंबाचा आणि संत्र्याचा रस, राखलेले पाणी, गुलाबी कांदा, टोमॅटोच्या बारीक फोडी, मिरची, कोथिंबीर, तेल आणि मीठ एकत्र करा. चाखून पाहा. फार आंबट झाले तर संत्र्याचा रस वाढवा, साखर घालू नका. झाकून वीस मिनिटे ठेवा. फ्रिज असेल तर त्यात ठेवा. नसेल तर वीस मिनिटांनी लगेच पाने घ्या. रात्रभर मुरवायचे नाही, कारण कोळंबी लिंबात राहून रबरासारखी होते. सकाळचे उरले तर ते रात्रीच्या पानात वाढू नका.

इक्वेडोरमध्ये यासोबत मक्याच्या लाह्या आणि कच्च्या केळ्यांचे तळलेले पातळ काप देतात. लाह्या रसात टाकून लगेच चमच्याने खायच्या. काही जण वरून टोमॅटो सॉस ओततात, ते मला रुचणारे नाही. आपण पेरूची आठवण म्हणून बाजूला उकडलेले रताळे ठेवावे. भाकरीशी मात्र याचे जमत नाही. भाकरीला रस्साच लागतो. हे दुपारच्या चार वाजताचे खाणे समजा. कोळंबी ज्याने कधी खाल्ली नसेल अशा मुलाला पहिल्यांदा एखाददुसरीच द्या. काहींच्या अंगावर तिने पित्त उठते.

घरात माळ असेल तर? इक्वेडोरच्या डोंगराळ भागात 'चोचो' नावाचे शेंगांतले कडू दाणे शिजवून, कित्येक दिवस पाणी बदलत धुऊन गोडे करतात आणि त्यांचेच सेविचे करतात, भाजलेल्या मक्याबरोबर. ते दाणे आपल्याकडे मिळत नाहीत. पांढरी चवळी मऊ न होऊ देता शिजवा आणि वरच्या रसात घाला, उकळलेल्या पाण्याच्या जागी चवळीचेच निवळ घ्या. सासूबाईंच्या पानात हे वाढता येईल, आणि भांडी-चमचे वेगळे ठेवले तर एकाच वेळी दोन्ही होतील.

कोकणातल्या मैत्रिणी म्हणतील, लिंबू आम्हीही लावतो. लावताच की. मीठ, हळद आणि लिंबू किंवा आगळ चोळून मासळी ठेवायची आणि मग तव्यावर टाकायची, ही तुमची रीत उत्तमच आहे. तिथे लिंबू वास मारते आणि पुढचे काम तवा करतो.

आणि जिथे ओली मासळी महिन्यातून एकदाच येते त्या देशावरच्या घरांसाठी सुकट आहेच. सुकट निवडून कोरड्या तव्यावर मंद विस्तवावर भाजा, कुरकुरीत होऊन खमंग वास सुटू द्या. मग चाळून खालची भुकटी टाका. बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मिरची आणि भाजलेली सुकट एकत्र करा, आणि पानावर बसल्यावर लिंबू पिळा, आधी नको, नाहीतर सुकट मऊ पडते. याला भाकरी चालते.